एफटी डीझेल-विद्युत् रेल्वे एंजिन

एफटी डीझेल-विद्युत् रेल्वे एंजिन : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३९–४५ या काळात बांधलेला, लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीसाठी योजलेला डीझेल एंजिनाचा नमुना. जनरल मोटर्स या उद्योगसमूहातील इलेक्ट्रो-मोटिव्ह या शाखेने तो तयार केला. या नमुन्याची एकूण १,०९६ एकके बांधण्यात आली. त्यांपैकी ५५५ चालककक्ष असलेली व ५४१ चालककक्ष नसलेली होती. उतारूंच्या वेगवान गाड्या आणि स्थानकाच्या आवारातील डबे हलविण्याचे काम यांपुरतेच डीझेल एंजिन उपयुक्त आहे, हा समज या एंजिनाने खोटा ठरविला. अमेरिकेतील वाफेच्या एंजिनांच्या अस्ताची खरी सुरुवात एफटीपासून झाली, असे सामान्यतः मानले जाते. नावातील ‘एफ’ हे अक्षर ‘चौदाशे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर असून ते प्रत्येक एककाच्या स्थूलमानाने १,४०० अश्वशक्तीचे (प्रत्यक्षात १,३५०) निदर्शक आहे. ‘टी’ हे अक्षर एकके जोडीने विकली जात असल्याचे दर्शविते.

पूर्वपीठिका : अमेरिकेत डीझेल एंजिने १९२५ पासून व्यापारी उपयोगात आली. त्या वर्षी सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सी या रेल्वेने ३०० अश्वशक्तीचे एक एंजिन आवारातील कामासाठी घेतले. ही प्रारंभीची एंजिने वजनाच्या मानाने फार दुर्बल होती. एक अश्वशक्ती निर्माण करण्यासाठी लागणारे धातूचे वजन कमी केल्याशिवाय डीझेल एंजिनाला मुख्य मार्गावर स्थान मिळणे शक्य नव्हते.

हॅरल्ड हॅमिल्टन यांनी १९२२ मध्ये क्लीव्हलंड येथे इलेक्ट्रो-मोटिव्ह कंपनी स्थापन केली. ही कंपनी प्रथम पेट्रोलवर चालणाऱ्या स्वयंचलित रेल्वे डब्यांचा व्यवसाय करीत असे. जनरल मोटर्सने १९३० मध्ये ही कंपनी व तिला एंजिने पुरविणारी विंटन एंजिन कंपनी या दोन्ही विकत घेतल्या. जनरल मोटर्सचे संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग यांच्या देखरेखीखाली हलक्या, द्विधावी डीझेल एंजिनाचा विकास झाला. या प्रकारात दट्ट्याच्या दर दोन धावांमध्ये एकदा इंधनाचे ज्वलन होते. त्यामुळे चार धावी एंजिनाच्या तुलनेने तेवढ्याच आकारमानात अधिक शक्ती मिळू शकते. शिकागो येथे १९३३ मध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनात हे एंजिन मांडलेले होते. ते पाहून बर्लिंग्टन रेल्वेने आपल्या अगंज पोलादी ‘झेफर’ गाडीसाठी त्याची निवड केली. २६ मे १९३४ रोजी या गाडीने डेन्व्हर ते शिकागो हे सु. १,६३० किमी. अंतर वाटेत न थांबता १३ तास ५ मिनिटांत कापले. या यशामुळे उतारू वाहतुकीत डीझेलचा प्रवेश झाला. तथापि हजारो टन वजनाची मालगाडी डोंगरी चढणीवर ओढणे हे अगदी निराळे काम होते आणि ते वाफेच्याच एंजिनाचे, अशी बहुतेक रेल्वे अभियंत्यांची धारणा होती.

दरम्यान शिकागोजवळील ला ग्रेंज येथे कंपनीने स्वतःचा कारखाना उभारला व १९३८ मध्ये ‘५६७’ या नावाचे नवे डीझेल एंजिन प्रचारात आणले. प्रत्येक सिलिंडराचे घनफळ ५६७ घन इंच (सु. ९·३ लिटर) असल्यामुळे त्याला हे नाव पडले. या एंजिनाभोवती मालगाडीसाठी नवा नमुना आखण्याचे काम रिचर्ड डिलवर्थ या प्रमुख अभियंत्याच्या नेतृत्वाखाली झाले.

रचना व कार्य : एफटीच्या प्रत्येक एककात इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात मांडलेले १६ सिलिंडरांचे ५६७ एंजिन असे. सिलिंडराचा व्यास सु. २१६ मिमी. व दट्ट्याची धाव २५४ मिमी. होती. एंजिन मिनिटाला जास्तीत जास्त ८०० फेरे करी. डीझेल एंजिन भाराखाली शून्य वेगापासून सुरू होऊ शकत नाही. म्हणून ते चाकांना सरळ न जोडता त्याच्याकडून एकदिश विद्युत् जनित्र फिरविण्यात येई. जनित्रातील वीज चार विद्युत् मोटरींना पुरविली जाई आणि प्रत्येक मोटर एक आस फिरवी. दोन आसांची एक बोगी व अशा दोन बोग्या मिळून एकक होत असे. एककाचे सर्वच वजन चालक चाकांवर पडत असल्यामुळे रुळांवरील चाकांची पकड पुरेपूर वापरता येई. मार्टिन ब्लॉमबर्ग यांनी आखलेल्या या बोगीचे सुधारलेले प्रकार पुढे अनेक दशके अमेरिकेतील एंजिनांखाली वापरले गेले.

वाफेच्या एंजिनात दट्ट्याच्या प्रत्येक धावेबरोबर चाकावरील ओढ कमीजास्त होते, तर विद्युत् मोटरीची ओढ एकसारखी असते. वाफेच्या एंजिनाची शक्ती वेगाबरोबर वाढत जाऊन ठराविक वेगाला कमाल होते. डीझेल-विद्युत् एंजिनाची जवळजवळ सर्व शक्ती कमी वेगालाही उपलब्ध असते. स्थिर मालगाडी हलविताना व चढण चढताना हाच गुण निर्णायक ठरतो. शिवाय वाफेच्या एंजिनातील पुढेमागे सरकणाऱ्या जड दांड्यांमुळे रुळांवर बसणारे हातोड्यासारखे तडाखे येथे नसतात.

चालककक्ष असलेले एक (‘ए’) व नसलेले एक (‘बी’) एकक पक्क्या दांड्याने जोडून जोडी होई. अशा दोन जोड्या पाठीला पाठ लावून जोडल्या म्हणजे चार एककांचे, १६ चालक आसांचे व ५,४०० अश्वशक्तीचे सु. ४०० टन वजनाचे एंजिन तयार होई. चारही एककांचे नियंत्रण एकच चालक करी. अनेक मोटरयुक्त डबे एकाच ठिकाणाहून चालविण्याची ही पद्धत फ्रँक स्प्रेग यांनी १८९७ मध्ये शिकागोच्या विद्युत् रेल्वेसाठी शोधून काढली होती. तिच्यामुळे मार्गाच्या गरजेप्रमाणे एंजिनाचे आकारमान ठरविण्याची सोय झाली. वाफेचे एंजिन बहुधा त्या त्या रेल्वेच्या मागणीनुसार वेगळे आखले जाई व त्याचे सुटे भागही वेगळे असत. उलट, एफटी हा कारखान्याने ठरविलेला प्रमाणित नमुना होता. रंग व काही उपसाधने सोडता सर्व ग्राहकांना जवळजवळ तेच एंजिन मिळे.

लांब उतारांसाठी विद्युत् गतिरोधनाची सोय या एंजिनाला करता येई. उतारावर मोटरींचे तात्पुरते जनित्रांत रूपांतर होई. चाकांच्या गतीपासून निर्माण झालेली वीज छताजवळील रोधकांत सोडून तिची उष्णता बाहेर घालविली जाई. त्यामुळे चाकांवर दाबले जाणारे ठोकळे व चाके तापण्याचा धोका पुष्कळ कमी झाला. पूर्वी घाट उतरताना तापलेली चाके निवविण्यासाठी मालगाड्या वाटेत थांबवाव्या लागत.

या नमुन्यात उणिवाही होत्या. वेग वाढताना मोटरींच्या विद्युत् जोडणीतील बदल चालकाला हाताने करावा लागे. शीतक पंखे यांत्रिक पद्धतीने फिरविले जात व त्यांच्या झडपांवर लक्ष ठेवावे लागे. पक्क्या दांड्यामुळे जोडीतील एक एकक बिघडल्यास दुसरेही अडकून पडे. पुढील नमुन्यांत हे दोष दूर करण्यात आले.

चाचणी दौरा : १०३ क्रमांकाचे चार एककांचे पहिले एंजिन नोव्हेंबर १९३९ मध्ये ला ग्रेंजहून निघाले. सु. ११ महिन्यांत त्याने ३५ राज्यांतील २० रेल्वेंच्या मार्गांवर मिळून ८३,७६४ मैल (सु. १,३४,८०० किमी.) प्रवास केला. उणे ४०° से.पर्यंतची थंडी, ४६° से.पर्यंतचे तापमान आणि समुद्रसपाटीपासून ३,००० मी.हून अधिक उंचीचे मार्ग या सर्व परिस्थितींत त्याने मालगाड्या ओढल्या. प्रत्येक रेल्वेला आपल्या नेहमीच्या मार्गावर, नेहमीच्या गाड्या जोडून त्याची वाफेच्या एंजिनाशी तुलना करता आली. हा विक्रीचा एक नवा प्रकारच होता. पुढे हे एंजिन सदर्न रेल्वेने विकत घेतले.

या चाचणीत निव्वळ शक्तीचा प्रश्न गौण होता. वाफेची एंजिने दुर्बल नव्हती. युनियन पॅसिफिक रेल्वेने १९४१–४४ या काळात घेतलेली ‘बिग बॉय’ ही २५ एंजिने जगातील सर्वांत प्रचंड वाफेच्या एंजिनांत गणली जातात आणि त्यांची शक्ती चार एककी एफटीहून कमी नव्हती. फरक होता तो एंजिन कामावर किती काळ राहू शकते यात. वाफेच्या एंजिनाला वरचेवर पाणी व कोळसा घ्यावा लागे, राख काढावी लागे, बाष्पित्र ठराविक मुदतीने धुवावे लागे, आणि थंड एंजिन तयार करण्यास कित्येक तास लागत. त्यामुळे दर काही अंतरावर एंजिन बदलून ताजे एंजिन जोडण्याची रीत होती. इंधनातील उष्णतेपैकी वाफेच्या एंजिनात फक्त सु. ६ टक्के उपयोगी कार्यात रूपांतरित होई. डीझेल-विद्युत् एंजिनात हे प्रमाण त्याच्या सु. चौपट असे. त्याला पाणी जवळजवळ लागत नसे आणि तेच एंजिन शेकडो किमी. न बदलता जाऊ शके.

सँता फे रेल्वे व युद्धकाल : पाण्याचा हा प्रश्न ॲचिसन, टोपीका अँड सँता फे रेल्वेला सर्वांत तीव्रतेने जाणवत होता. शिकागोहून कॅलिफोर्नियाला जाणारा तिचा मार्ग ॲरिझोना व मोहावी वाळवंटातून जातो. तेथील पाणी दुर्मिळ असून त्यातील क्षारांमुळे बाष्पित्रे खराब होत. कित्येक ठिकाणी रेल्वेला स्वतःच्या एंजिनांसाठी टाक्यांच्या गाड्यांतून पाणी वाहून न्यावे लागे. म्हणजेच वाहतुकीची काही शक्ती वाहतुकीची साधने चालू ठेवण्यातच खर्च होई. या रेल्वेने १९४१ च्या प्रारंभी १०० क्रमांकाचे एफटी एंजिन मालवाहतुकीत आणले. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्याने कॅन्सस सिटीहून लॉस अँजेल्सपर्यंत मालगाडी नेली. या रेल्वेच्या डोंगरी मार्गांसाठी विद्युत् गतिरोधनाचे महत्त्व विशेष होते.

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि पॅसिफिक किनाऱ्याकडे जाणारी वाहतूक अतोनात वाढली. युद्धोत्पादन मंडळाने १९४२ मध्ये एंजिन कारखान्यांची कामे वाटून दिली. मुख्य मार्गावरील मालवाहू डीझेल एंजिने बांधण्याचे काम इलेक्ट्रो-मोटिव्हकडे राहिले. आल्को व बॉल्डविन या जुन्या कारखान्यांना प्रामुख्याने वाफेची आणि आवारातील डीझेल एंजिने बांधावी लागली. ५६७ एंजिनाला नौदलाकडूनही मागणी होती. सैन्य व रणगाडे किनाऱ्यावर उतरविणाऱ्या जहाजांत त्याचा १२ सिलिंडरांचा प्रकार बसविला जाई. त्यामुळे एफटीचे उत्पादन मर्यादित राहिले व कोणत्या रेल्वेला किती एंजिने द्यावयाची हे सरकारी मंडळ ठरवू लागले. सँता फेला सर्वांत मोठा, म्हणजे ३२० एककांचा वाटा मिळाला. युद्धकाळात तिने ती मुख्यत्वे ॲरिझोनातील विन्सलो व कॅलिफोर्नियातील बार्स्टो यांमधील निर्जल टप्प्यावर चालविली.

ग्रेट नॉर्दर्न, बॉल्टिमोर अँड ओहायओ, नॉर्दर्न पॅसिफिक, बॉस्टन अँड मेन इ. रेल्वेंनीही ही एंजिने घेतली. बॉस्टन अँड मेन रेल्वेच्या सु. ७·६ किमी. लांबीच्या हूसॅक बोगद्यात वाफेच्या एंजिनांच्या धुरामुळे १९११ पासून विजेची एंजिने वापरावी लागत. डीझेल एंजिने आल्यावर १९४६ मध्ये ती विद्युत् व्यवस्था बंद करण्यात आली. तथापि डीझेल एंजिन हा सर्व रोगांवरचा उपाय नव्हता. न्यूयॉर्क, ओंटॅरिओ अँड वेस्टर्न या दुर्बल रेल्वेने १९४५ मध्ये एफटी एंजिने घेतली. खर्च घटला, परंतु वाहून नेण्यास पुरेसा मालच उरला नाही आणि १९५७ मध्ये ती रेल्वे कायमची बंद झाली.

युद्धामुळे मिळालेल्या या आघाडीचा इलेक्ट्रो-मोटिव्हला मोठा लाभ झाला. प्रतिस्पर्ध्यांना मालवाहू डीझेल एंजिने खुलेपणाने विकता येऊ लागली, तोपर्यंत एफटीने युद्धकाळातील कसोटीचा अनुभव गाठीला बांधला होता. बॉल्डविनने १९५६ मध्ये एंजिने बांधणे थांबविले आणि आल्कोनेही १९६९ मध्ये अमेरिकेतील हा व्यवसाय सोडला. जनरल मोटर्सने मक्तेदारी निर्माण केल्याच्या आरोपावरून १९६१ मध्ये तिच्यावर खटला भरण्यात आला. तो पुढे काढून घेण्यात आला.

सामाजिक परिणाम : वाफेच्या एंजिनाची निगा हा हजारो लोकांच्या उपजीविकेचा आधार होता. बाष्पित्र दुरुस्त करणारे, लोहार, कोळसा व पाणी भरणारे, राख काढणारे असे कामगार दर विभागीय स्थानकावर असत आणि त्यांच्याभोवती गावे वसलेली होती. एंजिन न थांबता पुढे जाऊ लागताच या गावांचे प्रयोजनच संपले. समाजशास्त्रज्ञ फ्रेड कॉट्रेल यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात वाळवंटातील अशा एका रेल्वेगावाचा अभ्यास केला आहे. गावावर विश्वास ठेवून ज्यांनी घरे बांधली, दुकाने घातली व नोकरीत ज्येष्ठता मिळविली, त्यांनाच सर्वांत मोठी झळ पोहोचली. ज्यांचे गावात काहीच गुंतलेले नव्हते ते सहज निघून गेले, हा त्यांचा निष्कर्ष लक्षणीय आहे. बचत रेल्वेच्या व ग्राहकांच्या पदरी पडली, तिची किंमत मात्र अशा गावांनी मोजली.

डीझेल एंजिनावर कोळसा टाकण्याचे काम नसूनही १९३७ च्या करारान्वये फायरमनची जागा राखण्यात आली होती. दक्षिणेकडील राज्यांत फायरमनच्या कष्टाच्या कामावर अनेक कृष्णवर्णीय कामगार होते. काम सुखाचे होऊ लागले तसे गोऱ्या कामगारांच्या संघटनेने त्यांना दूर सारण्याचे प्रयत्न केले. कृष्णवर्णीयांना या संघटनेचे सदस्यत्व मिळत नसे. मात्र त्यांच्या वतीने करार करण्याचा अधिकार कायद्याने तिलाच होता. बेस्टर स्टील या कृष्णवर्णीय फायरमनने लुइव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वे व ही संघटना यांविरुद्ध दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये निर्णय दिला की, संघटनेने सर्व कामगारांचे प्रतिनिधित्व भेदभाव न करता केले पाहिजे. मालगाड्यांवरील फायरमनच्या बहुसंख्य जागा क्रमाक्रमाने रद्द करण्याचा लवादाचा निर्णय १९६३ मध्ये झाला.

उत्तरकाल : एफटीची जागा प्रथम एफ ३ (१९४५) व नंतर एफ ७ (१९४९) या सुधारित नमुन्यांनी घेतली. एफटीचे बंद अंग मागे पाहण्यास व डबे हलविण्यास गैरसोयीचे होते. १९४९ मध्ये जीपी ७ हे बाजूने मोकळे असलेले एंजिन आले आणि मालवाहतुकीत तोच आकार रूढ झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत वाफेची सु. ४०,००० एंजिने होती. नॉरफोक अँड वेस्टर्न या वाफेला चिकटून राहिलेल्या मोठ्या रेल्वेनेही १९६० मध्ये ती सोडून दिली, तेव्हा हे स्थित्यंतर जवळजवळ पूर्ण झाले. एफटी एंजिनेही फार काळ टिकली नाहीत. जुनी एंजिने परत देऊन नवी घेण्याच्या योजनेत बहुतेक एफटी कारखान्यात परतली व मोडली गेली. १९६० नंतरच्या दशकात त्यांच्या बोग्या काही नव्या एंजिनांखाली पुन्हा वापरण्यात आल्या. क्र. १०३ च्या चार एककांपैकी चालककक्ष असलेले एक सेंट लुइसजवळील राष्ट्रीय वाहतूक संग्रहालयात, तर चालककक्ष नसलेले एक रोआनोक येथील संग्रहालयात आहे.

एफटी एंजिन भारतात कधीही आले नाही. पण त्याच्या वंशाशी भारतीय रेल्वेचा संबंध आहे. १९६२ मध्ये जनरल मोटर्सची ‘डब्ल्यूडीएम-४’ एंजिने आयात करण्यात आली. तथापि देशात उत्पादन करण्यासाठी आल्कोच्या चार धावी एंजिनाची निवड झाली. ‘डब्ल्यूडीएम-२’ या नावाचे ते एंजिन १९६४ पासून वाराणसी येथे बनू लागले आणि कल्याण व पुणे येथील शेडमधूनही चालविले गेले. १९९९ मध्ये ‘डब्ल्यूडीजी-४’ या मालवाहू एंजिनाच्या रूपाने द्विधावी परंपरा भारतात परत आली. त्यातील ‘७१०’ एंजिन हे ५६७ पासून ६४५ (१९६५) या पायरीने विकसित झालेले आहे. जनरल मोटर्सने २००५ मध्ये इलेक्ट्रो-मोटिव्ह शाखा विकली आणि २०१० मध्ये ती कॅटरपिलर समूहाकडे गेली. डीझेल एंजिनात १९३८ नंतर पुष्कळ बदल झाले. पण प्रमाणित एकके, ती जोडून हवी तेवढी शक्ती मिळविणे आणि एंजिन जास्तीत जास्त काळ कामावर ठेवणे ही एफटीने रूढ केलेली तत्त्वे त्यानंतरच्या मालवाहू एंजिनांतही कायम राहिली.